छपरावरचे ऊन आणि खालची बिले

कोळशाचा खडाही न जाळता मोठ्या प्रमाणावर वीज निर्माण करण्याचा महाराष्ट्रातील पहिला उद्योग कोणासाठी उभा राहिला, हे आज सौर ऊर्जेच्या गजरात आठवणे उद्बोधक ठरेल. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पावसाच्या पाण्यावर मुंबईच्या कापड गिरण्यांची यंत्रे फिरू लागली. वाफेच्या इंजिनापेक्षा ही वीज गिरणीमालकांना किफायतशीर होती. त्यासाठीच तो सारा खटाटोप होता. पुढे याच हेतूने मुळशीचे खोरे पाण्याखाली घालण्याची योजना आली तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह पुकारला. सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. धरण अर्थातच झाले, आणि १९२७ साली भिरा येथून वीज मुंबईकडे वाहू लागली. धूर नाही, राख नाही. आजच्या परिभाषेत ती शंभर नंबरी 'हरित' वीज होती. मात्र स्वस्त विजेचा लाभ एका वर्गाला आणि तिची किंमत दुसऱ्याच्या माथी, हा व्यवहार त्या हिरव्या रंगाने बदलला नाही.

आता पाण्याच्या जागी ऊन आले आहे आणि गिरण्यांच्या जागी व्यापारी इमारती आल्या आहेत. मॉल, तारांकित हॉटेले, माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची संकुले, खाजगी रुग्णालये, शीतगृहे, सर्वत्र विजेचे बिल कमी करण्यासाठी सौर ऊर्जेचा अवलंब चालू आहे. या घडामोडीकडे डाव्या विचाराच्या कार्यकर्त्यांनी कसे पाहावे? चळवळीत याबाबत दोन प्रकारचा आळस दिसतो. एक वर्ग पर्यावरणाचे नाव निघताच टाळ्या वाजवून मोकळा होतो. दुसरा, मॉलवाल्याचा फायदा म्हणजे गरिबाचा तोटा असणारच असे गृहीत धरून तोंड फिरवितो. हिशेब मांडण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

हिशेब असा आहे. एक किलोवॅट क्षमतेच्या सौर पट्ट्यांना साधारणपणे दहा चौरस मीटर मोकळे छप्पर लागते. महाराष्ट्रातील उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला तेराशे ते पंधराशे युनिट वीज मिळते. उभारणीचा खर्च किलोवॅटमागे पन्नास-साठ हजार रुपये धरला, तर दहा किलोवॅटच्या संचाला साडेपाच लाख रुपये पडतील आणि त्यातून वर्षाला साडेतेरा हजार युनिट निघतील. व्यापारी ग्राहकाला वाचलेल्या युनिटमागे दहा रुपये सुटतात असे मानले, तरी वर्षाला एक लाख पस्तीस हजार रुपयांची बचत होते, आणि चार-सव्वाचार वर्षांत भांडवल वसूल होते. पट्ट्यांचे आयुष्य पंचवीस वर्षांचे. उरलेली वीस वर्षे किरकोळ देखभालीवर वीज जवळजवळ फुकट! कोणत्याही धंद्यात असा परतावा सहजासहजी मिळत नाही. तेव्हा मालकमंडळींच्या अंगी अकस्मात निसर्गप्रेम संचारले आहे असे समजण्याचे कारण नाही. बेरीज-वजाबाकी त्यांना पूर्वीपासून येत होती.

यात समाजाचाही लाभ आहे, हे आधी निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. कचेऱ्यांचा वापर मुख्यतः दिवसा असतो आणि ऊनही दिवसाच असते. ज्या छपरावर वीज तयार होते त्याच्याच खाली ती वापरली गेली, तर चंद्रपुराहून वा कोराडीहून शेकडो मैल तारांतून वीज आणताना होणारी गळती टळते, तेवढा कोळसा वाचतो आणि कोळशाची राख ज्यांच्या विहिरींत व फुफ्फुसांत जाते त्या गावांवरचा भारही तितका हलका होतो. स्वतःच्या छपरावर, स्वतःच्या पैशाने, स्वतःपुरती वीज निर्माण करणाऱ्या व्यापाऱ्याला अडविण्यात कसलाही समाजवाद नाही.

प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. व्यापारी ग्राहकाचा दर इतका चढा का असतो, ते पाहावे लागेल. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. ज्यांना ऐपत आहे त्यांच्याकडून सरासरी खर्चापेक्षा अधिक घ्यावे आणि ज्यांना नाही त्यांना खर्चाहून कमी दराने द्यावे, ही रीत मंडळाच्या राजवटीत रुजली. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन वितरणाचे काम महावितरणकडे गेले, तरी ती रीत टिकून आहे. तिला क्रॉस सबसिडी म्हणतात. महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागविणारे कुटुंब आणि शेतकऱ्याचा पंप यांना जो दिलासा मिळतो, त्याचा एक मोठा हिस्सा कारखानदार व व्यापारी यांच्या बिलांतून येतो. राज्य सरकारने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. तिचे पैसे सरकारी तिजोरीतून जात असले, तरी शेतीचा दर मुळातच खर्चाहून कमी ठरलेला असतो, आणि तो फरक इतर ग्राहकच भरतात. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत. शेतीच्या नावावर गळती आणि चोरी खपविली जाते ही तक्रार खोटी नाही, आणि लहान दुकानदाराला मॉलच्याच पंक्तीला बसविणे तर साफ अन्यायाचे आहे. पण या देशात संपत्तीवरचा कर नीट वसूल होत नसताना, विजेच्या बिलातून थोडेफार पुनर्वाटप घडविणारी ही एक यंत्रणा होती, हे विसरता येणार नाही.

समजा, एक युनिट ग्राहकापर्यंत पोचविण्याचा सरासरी खर्च आठ रुपये आहे आणि व्यापारी ग्राहक बारा रुपये देतो. तो एक युनिट छपरावरून घेऊ लागला, तर वितरण कंपनीचे उत्पन्न बारा रुपयांनी घटते. तिचा खर्च आठ रुपयांनी घटतो काय? नाही. वाचतो तो केवळ कोळशाचा खर्च, समजा चार रुपये. वीजकेंद्राचा स्थिर आकार वीज घेतली काय नि न घेतली काय, करारानुसार द्यावाच लागतो. तारा, उपकेंद्रे, कर्मचारी आणि कर्जावरचे व्याज हेही जागच्या जागी राहते. म्हणजे युनिटमागे आठ रुपयांचे भगदाड पडते. यातील चार रुपये क्रॉस सबसिडीचे आणि चार स्थिर खर्चाचे. स्थिर आकार म्हणजे काय प्रकरण आहे, हे महाराष्ट्राला एन्रॉनने शिकविले आहे. १९९३ साली केलेल्या करारापायी दाभोळच्या विजेने मंडळाचे कंबरडे मोडत आणले आणि २००१ साली मंडळाला ती घेणे थांबवावे लागले. इतक्या महाग शिक्षणाचा उपयोग निदान हा हिशेब समजण्यासाठी व्हायला हरकत नाही.

हे भगदाड भरणार कोण? ज्याला छप्पर नाही, भांडवल नाही, आणि जो वितरण कंपनीला सोडून कोठे जाऊ शकत नाही, तो. चाळीतला भाडेकरू, झोपडपट्टीतील मीटरधारक, गल्लीतला शिंपी. दर वाढला की आणखी काही ऐपतदार ग्राहक बाहेर पडतात, त्यामुळे दर पुन्हा वाढतो. मोठ्या बोटीतून सुखवस्तू उतारू एकेक करून स्वतःच्या होडीत उतरत जावेत आणि बोटीचे भाडे मात्र मागे राहिलेल्यांत वाटले जावे, असा हा प्रकार आहे.

छपरावरच्या विजेला निसर्गतःच एक मर्यादा आहे. वीस मजल्यांच्या इमारतीला छप्पर एकच असते आणि त्यावरही पाण्याच्या टाक्या व वातानुकूलनाची यंत्रे विराजमान झालेली असतात. तेवढ्या पट्ट्यांवर दोन-तीन मजल्यांचीही पुरती गरज भागत नाही. म्हणून बड्या ग्राहकांचा खरा डोळा छपरावर नसून 'ओपन ॲक्सेस'वर आहे. दूरच्या माळरानावरील खाजगी प्रकल्पातून वीज विकत घ्यायची आणि ती सार्वजनिक तारांतून आपल्या इमारतीत आणायची, असा हा मार्ग. २००३ च्या वीज कायद्याने तो खुला केला. त्याच कायद्यात क्रॉस सबसिडी कमी करीत करीत नष्ट करण्याचे उद्दिष्ट लिहिलेले होते. 'नष्ट' करण्याची भाषा २००७ च्या दुरुस्तीने काढून टाकली, एवढे तरी पदरात पडले. पूर्वी एक मेगावॅटच्या खालील ग्राहकाला हा मार्ग सहसा खुला नसे. जून २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित विजेपुरती ही मर्यादा शंभर किलोवॅटवर आणली. साहजिकच मोठे कारखानेच नव्हेत, तर मध्यम आकाराचे हॉटेल वा रुग्णालयही आता सार्वजनिक व्यवस्थेबाहेरून वीज घेऊ शकते.

बाहेर पडणाऱ्याने क्रॉस सबसिडीचा अधिभार भरून जावे, अशी तरतूद कायद्यात आहे. परंतु वीज 'स्वतःच्या' प्रकल्पातील असली तर हा अधिभार माफ असतो. आता 'स्वतःचा' प्रकल्प म्हणजे काय? २००५ च्या नियमांप्रमाणे वापरणाऱ्यांनी मिळून प्रकल्पाच्या भागभांडवलापैकी २६ टक्के हिस्सा घ्यावा आणि निर्माण होणाऱ्या विजेपैकी निदान ५१ टक्के वापरावी, म्हणजे झाले. प्रकल्पाच्या खर्चाचा सत्तर टक्के भाग कर्जातून येतो असे धरले, तर भागभांडवल तीस टक्के उरते आणि त्याचे २६ टक्के म्हणजे एकूण खर्चाच्या आठ टक्क्यांहूनही कमी. एवढी रक्कम भरून पाचदहा कंपन्या एकत्र आल्या की त्या कायद्याच्या दृष्टीने वीजनिर्माते ठरतात आणि अधिभारातून मुक्त होतात. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरणच्याच प्रकरणात, अशा ग्राहकांना अतिरिक्त अधिभारही लागू होत नाही, असा निर्णय दिला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. कायदा मात्र संसदेने केलेला आहे, आणि तो बदलणेही संसदेच्याच हाती आहे.

करांच्या बाबतीतही हीच गत. सौर संचावर आयकरात वर्षाला ४० टक्के दराने घसारा मिळतो. २०१७ पूर्वी तर हा दर ८० टक्के होता. कंपनीच्या करपात्र नफ्यातून ही रक्कम वजा होते, म्हणजे पट्ट्यांच्या किमतीतील काही वाटा सरकारी तिजोरीने उचलला असाच त्याचा अर्थ. पण अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरणाऱ्या किरकोळ दुकानदाराला घसारा वेगळा दाखविता येत नाही, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचा तर प्रश्नच नाही. घरांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, पण दुकान हे घर नव्हे. ना घसारा, ना अनुदान. शिवाय गाळेधारकाला छप्पर तरी कोठे असते? व्यापारी संकुलाच्या गच्चीवर बहुधा बांधकाम व्यावसायिकाचाच ताबा असतो आणि ती मोबाइलच्या मनोऱ्याला भाड्याने गेलेली असते. एकाच ठिकाणी तयार झालेली वीज अनेक मीटरधारकांच्या बिलांत वाटून वजा करण्याची सोय दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्ये केली. सौर ऊर्जेत लहान व्यापाऱ्याला खरा वाटा मिळू शकेल तो अशाच वाटेने.

कोचीनच्या विमानतळाचे उदाहरण येथे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. या कंपनीत केरळ सरकारचा मोठा वाटा असून परदेशस्थ मल्याळी माणसांसह हजारो लहान भागधारक आहेत. २०१३ साली तेथे छपरावर शंभर किलोवॅटचा संच बसला. त्या अनुभवावरून पुढे मजल मारीत ऑगस्ट २०१५ मध्ये मालवाहतूक संकुलाजवळच्या सुमारे पंचेचाळीस एकर जमिनीवर १२ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, आणि पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून त्याची नोंद झाली. कौतुक योग्यच आहे. पण विमानतळ रात्रीही चालतो आणि सूर्य रात्री चालत नाही. मग हे जमते कसे? दिवसा उरलेली वीज केरळच्या वीज मंडळाच्या जाळ्यात सोडायची आणि रात्री तेवढी परत घ्यायची, असा तो व्यवहार आहे. विमानतळाने बॅटऱ्यांचे कोठार न बांधता काम भागविले, कारण सार्वजनिक वीज मंडळ त्याचे कोठार झाले.

दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज यांची किंमत सारखी नसते. दुपारी सर्वत्रच सौर वीज मुबलक असते. दिवेलागणीनंतर मागणी चढते, सूर्य मावळलेला असतो आणि तेव्हा कोळशाची वा पाण्याची महाग वीज उभी करावी लागते. दुपारचे ज्वारीचे पोते ठेवून संध्याकाळी बासमतीचे पोते उचलण्यासारखे हे आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याचे तत्त्व व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना लागू केले, हे बरे झाले. घरावरच्या तीन किलोवॅटच्या संचाला एकास एक अदलाबदल खुशाल द्यावी. मॉलला आणि तारांकित हॉटेलला मात्र ठेवणावळीचे भाडे पडलेच पाहिजे, किंवा त्यांनी आपल्या बॅटऱ्या आपण घ्याव्यात.

सार्वजनिक संस्था पुढे आली म्हणजे चित्र कसे पालटते, याचा दाखला मध्य प्रदेशात आहे. रीवा येथील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचा लिलाव २०१७ साली झाला आणि पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. त्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा दिल्ली मेट्रो घेते. स्वस्त विजेचा फायदा तेथे कामावर जाणाऱ्या लक्षावधी प्रवाशांच्या वाहतुकीला होतो. महाराष्ट्रात एस. टी.ची अडीचशेच्या आसपास आगारे आहेत. बाजार समित्यांच्या शेड, महापालिकांच्या मंडया, सरकारी रुग्णालये आणि सहकारी बँकांच्या इमारती आहेत. एवढे सार्वजनिक व सहकारी छप्पर असताना 'हरित इमारती'ची छायाचित्रे मात्र सदैव काचेच्या मनोऱ्यांचीच झळकतात.

या काचेच्या मनोऱ्यांबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. व्यापारी इमारतीत विजेचा जवळजवळ निम्मा वापर वातानुकूलनावर होतो. थंड देशांत ऊब कोंडून ठेवण्यासाठी काढलेली काचेची रचना पुण्या-मुंबईच्या उन्हात उभी करायची, आत भट्टी पेटवायची, ती विझविण्यासाठी यंत्रे लावायची आणि त्या यंत्रांसाठी गच्चीवर सौर पट्ट्या बसवून पर्यावरणाचे प्रमाणपत्र भिंतीला टांगायचे, या क्रमाला शहाणपण म्हणता येणार नाही. जाड भिंती, खोल छज्जे, उत्तरेचा उजेड, वाऱ्याला वाट हे ज्ञान येथील गवंड्यांना होते. इमारतींसाठी ऊर्जा-बचतीची संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली सुधारली गेली. ती कठोरपणे लावली तर पट्ट्यांच्या आधीच बिल उतरेल. पण त्यात विकण्यासारखे यंत्र नाही, म्हणून तिची जाहिरातही नाही.

ओपन ॲक्सेससाठी लागणारे माळरानही निर्मनुष्य नसते. कर्नाटकातील पावगडा येथे दोन हजार मेगावॅटच्या सौर उद्यानासाठी सुमारे तेरा हजार एकर जमीन संपादन न करता भाड्याने घेण्यात आली आणि शेतकऱ्याला प्रारंभी एकरी वर्षाला २१ हजार रुपये भाडे ठरले. मुळशीच्या मानाने ही मोठीच प्रगती म्हणावी लागेल. तथापि भाडे जमीनमालकाला मिळते. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराची रोजी गेली आणि मेंढपाळाचे चरण्याचे रान गेले, याची कोणत्याच भाडेपत्रात नोंद नाही. उलट गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी मूठभर शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, आणि २०१६ पासून पंप बंद असतानाची वीज ती युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने वितरण कंपनीला विकू लागली. व्यापारी इमारतींना हरित वीजच हवी असेल, तर ती अशा मंडळ्यांकडून का घेतली जाऊ नये? साखर आणि दूध यांच्या सहकाराला महाराष्ट्र नवखा नाही. राज्याची २०१७ पासूनची सौर कृषी वाहिनी योजना मुख्यतः खाजगी विकासकांकडून वीज घेण्यावर उभी आहे. शेतीला दिवसा व स्वस्तात वीज मिळाली की शेतीपायी इतरांवर पडणारा भार हलका होईल, हा तिच्यामागील हिशेब मात्र बरोबर आहे, आणि त्यात ग्रामपंचायती व सहकारी संस्था यांना अग्रक्रम मागता येईल.

हे सारे मागायचे कोठे? महाराष्ट्रात १९९९ पासून वीज नियामक आयोग आहे आणि दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या हरकती व सूचना विचारात घेण्याचे त्याच्यावर कायद्याने बंधन आहे. या सुनावण्यांत उद्योगांच्या संघटना वकील व आकडेतज्ज्ञ घेऊन हजर असतात. पुण्याच्या प्रयाससारख्या अभ्यासू संस्था आणि काही ग्राहक संघटना सोडल्या, तर दुसऱ्या बाजूची बाके रिकामीच असतात. जिल्हा समित्यांनी पुढील सुनावणीपूर्वी आपापल्या भागातील विजेची बिले गोळा करावीत, महावितरणचा प्रस्ताव मिळवावा आणि निदान चार मागण्या लेखी द्याव्यात. वीस किलोवॅटच्या आतील लहान दुकानदारासाठी बड्या आस्थापनांहून वेगळा व हलका दर असावा. एका संचाची वीज अनेक गाळेधारकांत वाटून देण्याची सोय सर्व मंडयांना व संकुलांना सुलभपणे मिळावी. मोठ्या ग्राहकांच्या अदलाबदलीवर वेळेनुसार ठेवणावळ आकारावी. आणि २६ टक्क्यांच्या मालकीचा आधार घेऊन किती ग्राहक बाहेर पडले व त्यामुळे किती अधिभार बुडाला, याचा आकडा महावितरणने दर वर्षी प्रसिद्ध करावा. हरकत मराठीतून देता येते, आणि ती मांडायला वकील लागत नाही.